साखर नंतर कमी करा, आधी रताळी नीट भाजा

प्रश्न: यंदा थँक्सगिव्हिंगचं जेवण पहिल्यांदाच आमच्याकडे, एडिसनला आहे. नवऱ्याच्या ऑफिसातली दोन अमेरिकन कुटुंबं आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे धरून दहा जण होतील. पाहुण्यांच्या मुलांना रताळ्याचा कॅसेरोल (कुस्करलेल्या रताळ्यांवर गोड, कुरकुरीत थर किंवा मार्शमेलो घालून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) हवाच आहे. पण मी आजवर खाल्लेले सगळे कॅसेरोल इतके गोड होते की ते जेवणात का वाढतात तेच कळत नाही. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि सासूबाई अंडं खात नाहीत. परवा हलका करून पाहिला. रताळी कुकरला उकडली, साखर निम्मी केली, बटर काढून टाकलं, फॅट-फ्री दूध घातलं. खाली पाणी सुटलं, चव पांचट झाली आणि वरचा थर ओला राहिला. डब्यातले याम्स वापरले तर बरं पडेल का? साखरेऐवजी गूळ किंवा स्टीव्हिया चालेल का? आणि मार्शमेलोचं काय करू? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: तुमचा पदार्थ बिघडवला तो कुकरने. साखर कमी केली नसती तरी पाणी सुटलंच असतं, फक्त ते गोड पाणी झालं असतं. म्हणून सुरुवात रताळं शिजवण्यापासून करू. ते एकदा जमलं की साखर आपोआप कमी लागते, मग गूळ की स्टीव्हिया हा प्रश्नही फारसा उरत नाही.

रताळ्यात स्टार्च भरपूर असतो आणि त्या स्टार्चची साखर करणारं एक एन्झाइमही रताळ्यातच असतं. त्यातून माल्टोज नावाची साखर तयार होते. हे काम साधारण १३५ ते १७० अंश फॅरनहाइटच्या (५७ ते ७७ सेल्सिअस) टप्प्यात जोरात चालतं. त्याच्या खाली स्टार्च फुललेला नसतो, वर गेलं की एन्झाइम निकामी होतं. म्हणजे रताळं त्या टप्प्यातून जितकं सावकाश जाईल तितकं गोड होतं. कुकर आणि मायक्रोवेव्ह तो टप्पा काही मिनिटांत ओलांडतात, त्यामुळे तेच रताळं कमी गोड लागतं. शिवाय कुकरमध्ये ते वाफेचं पाणी धरून ठेवतं आणि पाण्यात उकडलं तर असलेली थोडी गोडीही पाण्यात उतरते. उपासाला आपण रताळी उकडतो तेव्हा हे फारसं जाणवत नाही, कारण आपल्याकडची लाल सालीची, पांढऱ्या गराची रताळी मुळात कोरडी आणि पिठूळ असतात. अमेरिकेतली केशरी रताळी ओलसर जातीची. एकादशीच्या रताळ्यांचा अंदाज इथे लावलात तर पाण्याचं गणित दर वेळी चुकणार.

तेव्हा दुकानात केशरी गराची, बोरेगार्ड किंवा कोव्हिंग्टन जातीची रताळी घ्या. कोव्हिंग्टन नॉर्थ कॅरोलिनातून भरपूर येतं आणि या कामाला छान आहे. जांभळ्या सालीचं, पांढऱ्या गराचं जपानी रताळं चवीला उत्तम असलं तरी कॅसेरोलमध्ये ते घट्ट, चिकट होतं. दहा जणांना ३ पौंड (साधारण १ किलो ३६० ग्रॅम) पुरतात. प्रत्येकी ८ ते १० औंसांची, लांबट आणि एकसारखी पाच-सहा निवडा. एखादं भलंमोठं घेतलंत तर बाकीची शिजून गळायला लागतात तरी त्याच्या पोटात गाठ राहते, आणि ती गाठ नंतर मॅशरखाली मोडत नाही. घरी आणल्यावर कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने त्यांचा मधला भाग कडक होतो आणि मग कितीही शिजवलं तरी मऊ पडत नाही. पँट्रीतली अंधारी, हवेशीर जागा पुरे.

भाजण्याची रीत अशी. रताळी धुऊन पुसा, प्रत्येकाला काट्याने पाच-सहा ठिकाणी टोचा, ट्रेवर फॉइल अंथरून त्यावर सुटी सुटी मांडा. ती फॉइलमध्ये गुंडाळू नका. गुंडाळलं की भाजणं थांबतं आणि वाफवणं सुरू होतं, म्हणजे पुन्हा कुकरच. ट्रे थंड ओव्हनमध्येच ठेवा आणि मग ओव्हन ४०० फॅरनहाइटला लावा. आधी तापवलेल्या ओव्हनपेक्षा यात रताळं हळू तापतं आणि मघाचा गोडीचा टप्पा लांबतो. ७५ ते ९० मिनिटं लागतील. घड्याळापेक्षा ट्रेकडे बघा: टोचलेल्या भोकांतून चिकट पाक बाहेर येऊन फॉइलवर पडतो, आधी सोनेरी आणि मग काळपट तपकिरी होतो, साल गरापासून सुटून सैल पडते आणि चिमट्याने दाबलं की रताळं दबलेलंच राहतं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी २०५ ते २१० अंश फॅरनहाइट यायला हवेत. सुरी आत गेली म्हणून घाईने बाहेर काढू नका. सुरी पन्नासाव्या मिनिटालाही जाते.

बाहेर काढल्यावर प्रत्येक रताळं लांबीत चिरा, उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. भसाभस वाफ निघते. ही वाफ म्हणजे तुमच्या परवाच्या भांड्याच्या तळाशी साचलेलं पाणी, म्हणून ही दहा मिनिटं वाचवू नका. मग गर चमच्याने काढून मॅशरने कुस्करा. रेषा फार असतील तर हँड मिक्सर मिनिटभर फिरवा. रेषा त्याच्या पात्यांना गुंडाळून येतात आणि पाती धुतली की गेल्या. फूड प्रोसेसर मात्र नको, त्यात गर फार वेळ फिरला की लापशीसारखा होतो. ३ पौंडांतून साधारण ४ कप गर निघेल.

आता चव घ्या, काहीही घालण्याआधी. मग पाऊण टीस्पून मीठ घालून पुन्हा घ्या. मिठाने गोडी किती पुढे येते ते इथे लगेच कळतं. नेहमीच्या रेसिपीत या गरात कपभर पांढरी साखर पडते आणि वरच्या थरात कपभर ब्राउन शुगर, म्हणजे दोन्ही मिळून ४०० ग्रॅमच्या वर. दहा जणांत माणशी ४० ग्रॅम झाली, तीही पंपकिन पाय यायच्या आधी. नीट भाजलेल्या गराला २ टेबलस्पून मेपल सिरप पुरतं. सिरप एकेक चमचा घाला. रताळी चांगली निघाली तर दुसरा चमचा लागणारही नाही.

गूळ घालायला हरकत नाही, पण चवीसाठी घाला. गुळात, मधात किंवा मेपल सिरपमध्येही साखरच आहे आणि सासऱ्यांच्या रक्तातली साखर त्यात फरक करणार नाही. स्टीव्हिया मी इथे वापरणार नाही. भाजलेल्या रताळ्याच्या गोडीवर तिची कडसर मागची चव उठून दिसते, आणि वरच्या थरात तर ती साखरेसारखी वितळून कुरकुरीतही होत नाही. माल्टोजची गोडी फुकट मिळालेली असताना वर स्टीव्हिया कशाला?

बटर पूर्ण काढू नका. केशरी रंग ज्या बीटा-कॅरोटीनचा आहे ते अंगी लागायला थोडी चरबी लागते. चवही चरबीतूनच जिभेवर पसरते, त्यामुळे बटर शून्यावर आणलं की दालचिनी-जायफळही मुकं होतं. नेहमीच्या रेसिपीत गर आणि वरचा थर मिळून १८०-१९० ग्रॅम बटर जातं. आपण गरात २ टेबलस्पून (२८ ग्रॅम) घेऊ, पण ते कढवून. लहान, आतून फिकट रंगाच्या पातेल्यात मध्यम आचेवर बटर वितळवा. आधी तडतडेल, मग फेस येईल, फेसाखाली दुधाचे कण बदामी होऊन खमंग वास सुटेल. तूप कढवताना बेरी बदामी होते तोच हा क्षण, फक्त इथे गाळायचं नाही, बेरीसकट गरात ओतायचं. कढवलेल्या दोन चमच्यांचा खमंगपणा साध्या बटरच्या कितीतरी पुढे जातो. काळ्या पातेल्यात रंग दिसत नाही आणि कण जळतात. जळलं तर टाकून द्या, कडवटपणा रताळ्याने झाकला जात नाही.

अंड्याचं काम गराला धरून ठेवण्याचं. भाजलेला गर मुळातच घट्ट असतो, त्यामुळे अंडं सगळ्यांसाठीच वगळा, दोन वेगळी भांडी करत बसू नका. त्याच्या जागी १ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर अर्धा कप थंड दुधात गुठळी न होता कालवा आणि गॅसवर ढवळत एक उकळी आणा. मिनिटभरात दाट होतं. हे मिश्रण गरात मिसळा. कॉर्नफ्लोअर कच्चंच गरात घालून ओव्हनवर भरवसा ठेवू नका. कॅसेरोलचा मधला भाग बहुतेक वेळा नुसता गरम होतो, कॉर्नफ्लोअर पुरतं दाट व्हायला लागते तेवढी उष्णता तिथे पोचत नाही. मग पिठूळ चव राहते आणि घट्टपणाही येत नाही. दूध २ टक्क्यांचं घ्या. कमी फॅटचं इव्हॅपोरेटेड मिल्क मिळालं तर आणखी चांगलं, त्यात पाणी कमी असतं. फॅट-फ्री हाफ अँड हाफ (दूध-क्रीमच्या मिश्रणाचा बिनचरबीचा प्रकार) घेणार असाल तर डब्यावरची यादी वाचा, त्यात बहुधा कॉर्न सिरप सापडेल.

मसाल्यात १ टीस्पून दालचिनी, पाव टीस्पून जायफळ, थोडा व्हॅनिला आणि एका संत्र्याची किसलेली साल. साल फक्त केशरी भागापुरती किसा. संत्र्याचा रस नको, तो पुन्हा पाणीच. वेलची घालायची असेल तर अगदी चिमूटभर, नाहीतर पाहुण्यांच्या मुलांना हा त्यांच्या घरचा पदार्थ वाटणार नाही.

मिश्रण कितपत घट्ट हवं? चमचा फिरवल्यावर उमटलेली वाट दोन-तीन सेकंद टिकून मग हळूहळू मिटायला हवी. वाट टिकूनच राहिली तर चमचाभर दूध घाला. लगेच मिटली तर गर रुंद पॅनमध्ये काढून मंद आचेवर पाच मिनिटं परता. हे सगळं २ क्वार्टच्या भांड्यात (८×८ किंवा ११×७ इंच) भरा. ९×१३च्या भांड्यात थर पातळ होतो आणि कडा वाळतात.

आता वरचा थर, जो तुमचा ओला राहिला. खालून वाफ येत असताना वरचं कुरकुरीत राहणार नाहीच; गर कोरडा झाला की ही अडचण अर्धी मिटते. उरलेली अर्धी तुम्ही थर कधी पसरता त्यावर. अर्धा कप जाडसर चिरलेले पिकान (अक्रोडासारखा सुका मेवा), अर्धा कप रोल्ड ओट्स, २ टेबलस्पून कणीक, २ टेबलस्पून ब्राउन शुगर, चिमूटभर मीठ आणि दीड टेबलस्पून थंड बटर बोटांनी चोळा. मूठ वळली की गोळा व्हावा आणि दाबला की मोडावा, इतकंच. इन्स्टंट ओट्सचा लगदा होतो, स्टील-कट ओट्स दाताखाली खड्यासारखे येतात, म्हणून रोल्डच घ्या. हा चुरा डब्यात भरून वेगळा फ्रिजमध्ये ठेवा आणि भांडं ओव्हनमध्ये जाण्याच्या क्षणीच पसरा, दाबू नका. आदल्या दिवशी पसरून ठेवलात तर रात्रभरात ओट्स गरातलं पाणी पितात.

३५० फॅरनहाइटला ३० ते ३५ मिनिटं. कडेने बुडबुडे यायला हवेत आणि पिकानचा रंग गडद सोनेरी व्हायला हवा. पिकानमध्ये तेल खूप, त्यामुळे ४००वर ते बघता बघता करपतात. वरचा रंग लवकर आला तर फॉइल सैल टाका.

मार्शमेलोची प्रथा तशी १९१७ची, एका मार्शमेलो कंपनीने आपला माल खपावा म्हणून काढलेल्या पाककृतींच्या पुस्तिकेतून ती पसरली. रताळ्याला त्यांची गरज नाही, पण मुलांना आहे, आणि सणाच्या दिवशी पाहुण्यांच्या मुलांचा हिरमोड करू नये असं मला वाटतं. अडचण वेगळीच आहे: अमेरिकेतल्या नेहमीच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, बहुतेकदा डुकरापासून काढलेलं. सासूबाई अंडंही खात नाहीत, तेव्हा एकाच भांड्याच्या अर्ध्या भागावर मार्शमेलो घालणं बरं नाही. वितळलेला भाग वाढायच्या चमच्याबरोबर सगळीकडे जातो. वाटी-दीड वाटी गर लहान भांड्यात वेगळा काढा, त्यावर मूठभर मिनी मार्शमेलो शेवटच्या पाच ते आठ मिनिटांत घाला आणि ते भांडं मुलांसमोर ठेवा. ओव्हनच्या काचेसमोरून हलू नका, सोनेरीपासून काळे व्हायला त्यांना मिनिटही लागत नाही. पाकिटावर व्हीगन लिहिलेले मार्शमेलो मिळाले तर हा प्रश्नच येत नाही, फक्त ते जरा कमी वितळतात.

सासऱ्यांबद्दल. ढोबळ हिशोबाने दहा वाढण्यांत या कॅसेरोलची एक वाढणी सव्वादोनशे कॅलरींच्या आसपास जाते आणि कर्बोदकं ३२-३३ ग्रॅम. नेहमीच्या रेसिपीत हेच आकडे पाचशेच्या जवळ आणि ६५ ग्रॅमच्या पुढे जातात. फरक मोठा आहे, पण ३२ ग्रॅम म्हणजे काही थोडी नव्हेत. शिवाय उकडलेल्या रताळ्यापेक्षा भाजलेल्या रताळ्याने रक्तातली साखर जास्त वेगाने चढते, कारण ज्या माल्टोजवर आपण चव उभी केली आहे ती साखरच आहे. म्हणून हा पदार्थ 'शुगर-फ्री' म्हणून त्यांच्यापुढे ठेवू नका. त्यांना पाव कप वाढा, पिकानचा भाग थोडा जास्त येऊ द्या. त्या ताटात मॅश्ड पोटॅटो, स्टफिंग, डिनर रोल आणि हा कॅसेरोल या चारांपैकी एकच घ्यायचं, हे आधीच त्यांच्याशी बोलून ठरवा. टेबलावर सगळ्यांसमोर ताटातलं काढून घेऊ नका. ते इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असतील तर त्या दिवशीच्या उशिरा होणाऱ्या जेवणाच्या वेळेबद्दल त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. थँक्सगिव्हिंगचं जेवण बऱ्याच घरी दुपारी तीन-चारला सुरू होतं आणि पुण्याच्या वेळेला सरावलेल्या माणसाला तोवर नुसतं थांबवणं धोक्याचं आहे. साडेबारा-एकला त्यांना थोडं खायला द्या.

डब्यातल्या याम्सबद्दल: लेबलवर याम लिहिलेलं असलं तरी आत केशरी रताळीच असतात, सिरपमध्ये बुडवलेली. निथळून, धुऊनही गोडी आत मुरलेली राहते आणि ती आधीच इतकी मऊ असतात की भाजून पाणी काढायला काही उरत नाही. भाजायला वेळच नसेल तर साखर न घातलेली रताळ्याची प्युरी घ्या आणि रुंद पॅनमध्ये परतून दाट करा. गोडी कमी असेल, त्यात सिरपचा एक चमचा वाढवा.

वेळ असा लावा. मंगळवारी रात्री रताळी भाजून, कुस्करून, गर झाकून फ्रिजमध्ये ठेवा. बुधवारी बटर, दूध, मसाले घालून भांडं भरा आणि चुरा करून वेगळा ठेवा. गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, भांडं तासभर आधी बाहेर काढा. फ्रिजमधलं काचेचं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये गेलं तर तडकू शकतं. टर्की बाहेर काढल्यावर तिला कापण्याआधी निदान २०-३० मिनिटं तसंच ठेवावं लागतं, ओव्हन तेव्हा मोकळा होतो आणि तीच कॅसेरोलची वेळ. ओव्हन ३२५वरून ३५०ला वाढवा, चुरा पसरा, भांडं आत सरकवा. गर थंड असल्याने १०-१५ मिनिटं जास्त धरा, मध्यभागी १६५ अंश आले की काढा. टर्कीबरोबर एकाच वेळी भाजू नका. टर्कीचा रस उडतो, आणि सासूबाईंना ते पाहून जेवणं अवघड जाईल. वाढायचा चमचाही वेगळा ठेवा आणि शाकाहारी पदार्थ टेबलाच्या एका बाजूला एकत्र मांडा, म्हणजे कोणाला विचारत बसावं लागत नाही.

उरलेला कॅसेरोल बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर वरचा थर मऊ पडतो, म्हणून टोस्टर ओव्हनमध्ये ३५०ला १५-२० मिनिटं, वर चमचाभर ताजे चिरलेले पिकान टाकून.